छेदात कोण कोण?

सप्टेंबर १९८३. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातलं रिचमंड शहर. तिथल्या तुरुंगात स्टेनलेस स्टीलचे संडास आणि मुताऱ्या बसवायच्या होत्या, म्हणून महापालिकेनं निविदा मागवल्या. ऑक्टोबरमध्ये निविदा उघडल्या तेव्हा आत एकच लखोटा होता. पुढं जे भांडण झालं ते सव्वापाच वर्षं चाललं आणि थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात जाऊन थांबलं.

गेले काही महिने मी हा खटला वाचतेय. आई विचारते, "स्टॅटिस्टिक्समध्ये एमएस्सी करून आता पीएचडीत तुरुंगातले संडास?" तिला फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून इथं सविस्तर लिहितेय. सरकारी खरेदीत एखाद्या समाजगटावर अन्याय होतोय हे आकड्यांनी कसं सिद्ध करायचं, त्याचं गणित या संडासांमुळे बदललं. ते बदललेलं गणित माझ्या प्रबंधाच्या मुळाशी आहे.

आधी विषय थोडक्यात. सरकार, महापालिका, मोठ्या कंपन्या दरवर्षी प्रचंड खरेदी करतात: इमारतींपासून टाचण्यांपर्यंत. ही कामं बहुतेक वेळा त्याच त्या पुरवठादारांकडे जातात. ज्यांना या बाजारात आजवर शिरकाव मिळाला नाही अशा उद्योजकांकडूनही मुद्दाम खरेदी करायची, या धोरणाला 'सप्लायर डायव्हर्सिटी' म्हणतात. मग लगेच प्रश्न येतो, 'अशा उद्योजकां'मध्ये मोडतं कोण? त्यासाठी प्रमाणपत्र लागतं. अमेरिकेत साधारण नियम असा, की धंद्याची निदान ५१ टक्के मालकी आणि प्रत्यक्ष कारभार त्या गटातल्या व्यक्तीच्या हातात हवा. आपल्याकडेही भागीदारी किंवा खासगी कंपनी 'अनुसूचित जाती-जमातीच्या मालकीची' ठरायला ५१ टक्क्यांचीच अट आहे.

लोकांना वाटतं, प्रमाणपत्र म्हणजे सवलतीचा पास. माझ्या अभ्यासात त्याचं दुसरं काम जास्त महत्त्वाचं ठरतंय, ते म्हणजे मोजणी. प्रमाणपत्र असलेला माणूस यादीत येतो, यादीतला माणूस आकडेवारीत येतो. जो यादीत नाही, त्याच्यावर अन्याय झाला की नाही हा प्रश्नच कुणी विचारत नाही.

सोपा अपूर्णांक

अमेरिकेत या धोरणाची सुरुवात १९६० च्या दशकाच्या शेवटी झाली. शहरांमध्ये दंगली झाल्या होत्या आणि कृष्णवर्णीय वस्त्यांमधल्या गरिबीवर काहीतरी करणं सरकारला भाग होतं. लहान उद्योगांच्या कायद्यात '८(अ)' नावाचं एक कलम आधीपासून होतं. सरकारनं लहान उद्योगांसाठीच्या आपल्या खात्याला काम द्यायचं आणि त्या खात्यानं ते लहान धंद्याकडून करून घ्यायचं, अशी त्यात सोय होती. १९६८ पासून या कलमाचा वापर अल्पसंख्याकांच्या धंद्यांसाठी व्हायला लागला. (तिकडच्या चर्चेत 'अल्पसंख्याक' म्हणजे वांशिक अल्पसंख्याक: कृष्णवर्णीय, लॅटिनो, आशियाई, मूळनिवासी वगैरे. आपल्याकडचा धार्मिक अर्थ इथं घेऊ नका.) मार्च १९६९ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी आदेश काढून अल्पसंख्याकांच्या उद्योगांसाठी वेगळं कार्यालयच उघडलं. १९७२ मध्ये खासगी कंपन्यांनीही अशा पुरवठादारांकडून खरेदी वाढवण्यासाठी राष्ट्रीय पातळीवर परिषद स्थापन केली.

१९७७ मध्ये बाल्टिमोरचे खासदार पॅरेन मिचेल यांनी सार्वजनिक बांधकामांच्या विधेयकात एक दुरुस्ती आणली. केंद्राच्या पैशातून होणाऱ्या कामांपैकी १० टक्के रक्कम अल्पसंख्याकांच्या धंद्यांना मिळावी, अशी. त्यामागचा युक्तिवाद साधा होता. देशाच्या लोकसंख्येत अल्पसंख्याक १५ ते १८ टक्के, आणि केंद्र सरकारच्या खरेदीत त्यांच्या धंद्यांचा वाटा एक टक्क्याहूनही कमी.

शाळेतला अपूर्णांक आठवा. वर अंश, खाली छेद. इथं अंशात कंत्राटांतला वाटा आहे आणि छेदात लोकसंख्येतला वाटा. भागाकार एकच्या जवळ आला तर ठीक. शून्याच्या जवळ गेला तर काहीतरी गडबड आहे. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हा कायदा मान्य केला.

त्याच काळात अटलांटामध्ये मेनार्ड जॅक्सन महापौर होते. १९७३ मध्ये निवडून आलेले, त्या शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर. विमानतळाचं नवं टर्मिनल बांधताना २५ टक्के काम अल्पसंख्याकांच्या धंद्यांना मिळालंच पाहिजे, असं ते अडून बसले. काम रखडेल, खर्च वाढेल अशी खूप ओरड झाली. टर्मिनल १९८० मध्ये सुरू झालं. आज तो जगातल्या सर्वांत गजबजलेल्या विमानतळांपैकी एक आहे.

तुरुंगातले संडास

आता रिचमंड. यादवी युद्धात गुलामगिरीच्या बाजूनं लढलेल्या दक्षिणेकडच्या राज्यांची ही राजधानी होती. १९८३ मध्ये शहराची निम्मी लोकसंख्या कृष्णवर्णीय होती आणि नगर परिषदेच्या नऊ जागांपैकी पाच जागांवर कृष्णवर्णीय सदस्य होते. परिषदेसमोर एक आकडा ठेवला गेला. १९७८ ते १९८३ या पाच वर्षांत शहराच्या बांधकामाच्या मुख्य कंत्राटांपैकी अल्पसंख्याकांच्या धंद्यांना मिळालेला वाटा होता ०.६७ टक्के.

पन्नास टक्के लोकसंख्या आणि पाऊण टक्क्याहूनही कमी कंत्राटं. एप्रिल १९८३ मध्ये परिषदेनं नियम केला की मुख्य कंत्राटदारानं निदान ३० टक्के रकमेचं काम अल्पसंख्याकांच्या धंद्यांना पोटकंत्राट म्हणून द्यावं.

तुरुंगाच्या कामासाठी जी एकमेव निविदा आली, ती जे. ए. क्रोसन या प्लंबिंगच्या कंपनीची होती. ३० टक्के गाठायचे तर संडासांची भांडीच अल्पसंख्याकाच्या धंद्याकडून घ्यावी लागणार होती. एक स्थानिक कृष्णवर्णीय व्यावसायिक ती पुरवायला तयारही होता. त्याचं काय झालं ते न्यायालयाच्या कागदपत्रांत आहे, आणि मला तो या खटल्यातला सर्वांत बोलका तपशील वाटतो. तो भांड्यांचा भाव विचारायला गेला. एका वितरकानं आधीच क्रोसनला थेट भाव दिला होता, त्यामुळे यांना द्यायला नकार दिला. दुसरा म्हणाला, आधी तुमची पत तपासावी लागेल आणि त्याला निदान ३० दिवस लागतील. शेवटी त्याचा भाव उशिरा आला आणि चढा आला. एकूण कामाचा खर्च त्यामुळे ७,६६३ डॉलरनं वाढणार होता. क्रोसननं अटीतून सूट मागितली. पालिकेनं ती नाकारली आणि फेरनिविदा काढायचं ठरवलं. क्रोसन कोर्टात गेली.

२३ जानेवारी १९८९ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सहा विरुद्ध तीन मतांनी रिचमंडचा नियम रद्द केला. न्यायमूर्ती सँड्रा डे ओकॉनर यांनी मुख्य निकाल लिहिला. त्यात कायद्याचे बरेच मुद्दे आहेत, पण माझ्यासारखीचं लक्ष लागतं ते छेदावर. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: ०.६७ ची तुलना ५० शी करणं चूक आहे. बांधकामाचं कंत्राट घेणं हे काही कुणीही करू शकेल असं काम नाही. तुलना करायची तर ते काम करण्यास पात्र असलेल्या धंद्यांशी करा. शहरात असे अल्पसंख्याकांचे पात्र धंदे किती, हे पालिकेला माहीतच नाही.

शुद्ध संख्याशास्त्र म्हणून पाहिलं तर आक्षेप बरोबर आहे. एमएस्सीच्या पहिल्या सत्रात मीही हेच लिहिलं असतं. शहरातल्या निम्म्या माणसांचा गट म्हणजे निम्मे प्लंबिंग कंत्राटदार नव्हेत.

पण आता छेद बदलून पाहा. उदाहरण म्हणून समजा, की पात्र धंद्यांपैकी अल्पसंख्याकांचे धंदे फक्त ०.६७ टक्केच निघाले. मग भागाकार येतो बरोब्बर एक. म्हणजे अन्याय शून्य, सगळं आलबेल! आणि ते ०.६७ टक्केच का होते? कारण बँकेनं कर्ज दिलं नाही, कामगार संघटनेनं शिकाऊ म्हणून घेतलं नाही, वितरकानं भाव दिला नाही, म्हणून बाकीचे धंदे कधी उभेच राहिले नाहीत. ज्या अन्यायाचं मोजमाप करायचं, त्यानंच छेद आधी लहान करून ठेवलेला असतो. अन्याय जितका जुना आणि पक्का, तितका भागाकार स्वच्छ दिसतो.

पालिकेनं कोर्टात हेही दाखवलं होतं, की स्थानिक कंत्राटदारांच्या संघटनांमध्ये अल्पसंख्याक सदस्य जवळपास नव्हतेच. त्यावरही उत्तर तेच: आधी पात्र किती होते ते सांगा. विरोधी मत लिहिणाऱ्या न्यायमूर्ती थर्गुड मार्शल यांनी रिचमंडच्या इतिहासाकडे बोट दाखवलं. त्यांच्या मते या शहरात भेदभाव होता की नाही याचा पुरावा अपूर्णांकाबाहेरही भरपूर होता. पण ते तिघांच्या बाजूला होते.

नवा धंदा: छेद मोजणं

निकालानंतर अमेरिकेतल्या शहरांची धांदल उडाली. मार्च १९८९ मध्ये जॉर्जियाच्या सर्वोच्च न्यायालयानं अटलांटाची योजनाही रद्द केली. अटलांटानं मग अर्थतज्ज्ञ अँड्र्यू ब्रिमर आणि माजी कामगारमंत्री रे मार्शल यांच्याकडून मोठा अभ्यास करून घेतला. तो १९९० मध्ये आला. पुढं अशा अभ्यासांची रीघच लागली. त्यांना 'डिस्पॅरिटी स्टडी' म्हणतात, आपण 'तफावत अभ्यास' म्हणूया.

पद्धत साधी आहे. अंशात त्या गटाच्या धंद्यांना मिळालेल्या कंत्राटांचा वाटा. छेदात 'तयार, इच्छुक आणि सक्षम' धंद्यांमधला त्यांचा वाटा. भागाकार ०.८ च्या खाली गेला तर तफावत लक्षणीय धरायची. हा ०.८ चा ठोकताळा नोकरभरतीतल्या भेदभावाच्या नियमांमधून उसना घेतलेला आहे.

सगळी मारामारी छेदावर. 'तयार, इच्छुक, सक्षम' कोण ते कसं ठरवणार? निविदा भरणाऱ्यांची यादी घेतली तर दारात येऊन परत गेलेले सुटतात. प्रमाणपत्रधारकांची यादी घेतली तर ज्यांनी कागद केलेच नाहीत ते सुटतात. जनगणना खात्याची उद्योगगणना घेतली तर त्यात कोण मोजलंय हे बघावं लागतं. शेवटचा मुद्दा किरकोळ वाटेल, पण १९८८ पर्यंत महिलांच्या मालकीच्या उद्योगांच्या अमेरिकन गणनेत मोठ्या प्रकारच्या कंपन्या धरल्याच जात नव्हत्या. म्हणजे ज्या बायकांनी धंदा खरोखर वाढवला, त्याच आकड्यांतून गायब! महिला उद्योजकतेच्या १९८८ च्या कायद्यानं ही मोजणी दुरुस्त करायला लावली. धंद्याच्या कर्जासाठी नवऱ्याची किंवा घरातल्या पुरुषाची सही मागायची पद्धत काही राज्यांत होती, तीही याच कायद्यानं बंद झाली. एकाच कायद्यात कर्जाचं दार आणि मोजणीचं दार. मला हा योगायोग वाटत नाही.

यादीत कुणाला घ्यायचं, हाही वादाचा मुद्दाच. भारतीय वंशाच्या लोकांना ८(अ) च्या यादीत जागा मिळाली ती १९८२ मध्ये, त्यांच्या संघटनेनं रीतसर अर्ज केल्यावर. त्याआधी १९८० च्या जनगणनेत 'एशियन इंडियन' हा रकाना पहिल्यांदा आला होता. आधी मोजणीत, मग यादीत. अमेरिकेत स्थिरावलेल्या आपल्याकडच्या कितीतरी इंजिनिअरांच्या कंपन्यांना या रकान्यानं दार उघडलं. वाट्याला आलेला छळ समान नसताना यादी मात्र एकच, यावर तिथं टीकाही झाली आणि ती मला पूर्ण गैर वाटत नाही.

शिवाय लबाडी होतीच. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातली वेडटेक ही कंपनी ८(अ) खाली लष्कराची कामं घ्यायची. संस्थापक पोर्तो रिकन वंशाचे. १९८३ मध्ये कंपनीनं शेअर बाजारात विकले आणि त्यांचा हिस्सा ५१ टक्क्यांखाली घसरला. मग कागदोपत्री व्यवहार करून तो ५१ च्या वर असल्याचं दाखवण्यात आलं. १९८६ मध्ये कंपनी बुडाली, लाचखोरी बाहेर आली, एका खासदाराला शिक्षा झाली. १९८८ मध्ये योजनेचे नियम कडक झाले. आपल्याकडे 'सही मामाची, धंदा भाच्याचा' म्हणतात तोच प्रकार. नियम कडक झाले की कागद वाढतात, आणि कागद जमवणं लबाडाला सोपं आणि एकट्या लेथवाल्याला कठीण. तो यादीबाहेर राहतो आणि छेद आणखी आक्रसतो.

आपल्याकडचा छेद

आपल्याकडे २०१२ च्या केंद्राच्या सार्वजनिक खरेदी धोरणानुसार मंत्रालयांनी आणि सरकारी कंपन्यांनी २० टक्के खरेदी सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून करायची, आणि त्यातली ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून. २०१५ पासून हे बंधनकारक झालं. २०१८ मध्ये २० चे २५ झाले आणि महिलांसाठी ३ टक्के आले. यामागे दलित उद्योजकांचा पाठपुरावा होता. २००५ मध्ये मिलिंद कांबळे यांनी पुण्यात स्थापन केलेली 'डिक्की' ही त्यातली ठळक संघटना. ४ टक्क्यांचं उद्दिष्ट मात्र कागदावर राहिलं, प्रत्यक्ष खरेदी त्याच्या बरीच खाली आहे.

पुरेसे पुरवठादारच मिळत नाहीत, असं खरेदी अधिकारी सांगतात. म्हणजे पुन्हा छेद. तर तो पाहूया. २०११ च्या जनगणनेत अनुसूचित जातींची लोकसंख्या १६.६ टक्के. २०१५-१६ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांपैकी अनुसूचित जातींच्या मालकीचे १२.४५ टक्के. त्यातले फक्त लघु उद्योग पाहिले तर ५.५ टक्के. आणि मध्यम उद्योग? तक्त्यात लिहिलंय ०.००.

तो शून्य पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं छपाईची चूक असेल. चूक नव्हती. पण सावधगिरीही हवी: त्या पाहणीत कंपनी म्हणून नोंदलेले उद्योग आणि बांधकाम क्षेत्र धरलेलं नव्हतं. म्हणजे १९८८ च्या आधी अमेरिकन बायकांच्या मोजणीत झालं, तसंच काहीसं इथं. तरीही उतार स्पष्ट आहे. 'सक्षम' ची पायरी जितकी वर न्याल, तितका छेद लहान होत जातो. सर्वांत वरच्या पायरीवर उभं राहून पाहिलं तर तिथं अन्याय व्हायला कुणी शिल्लकच नाही.

माझे मामा भोसरीत एका गाळ्यात दोन लेथ चालवायचे. २०१७ साली एका सरकारी कंपनीच्या टेंडरसाठी त्यांनी सगळे कागद जमवले: जातीचा दाखला, उद्योगाची नोंदणी, बँकेचं पत्र. बुश आणि पिनांचं काम होतं, ते त्यांच्या हातचा मळ. फॉर्ममध्ये गेल्या तीन वर्षांत असंच काम तेवढ्या रकमेचं केल्याचा दाखला मागितला होता. तो नव्हता. बारचा व्यापारी म्हणाला, शेजारच्या गाळ्याला साठ दिवस उधारी देतो, तुम्हाला रोखीनं. मामांनी टेंडर भरलंच नाही. प्लॅस्टिकचा फोल्डर कपाटावर ठेवून दिला.

त्या खरेदीच्या नोंदींत मामा कुठंच नाहीत. त्यांना कुणी नाकारलं नाही, कारण त्यांनी मागितलंच नाही. रिचमंडच्या त्या व्यावसायिकाची गोष्ट निदान कोर्टाच्या कागदांत उरली, कारण क्रोसन भांडली. मामांची कुठं उरणार?

अमेरिकेत चक्र आणखी फिरलंय. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं क्रोसनची कडक कसोटी केंद्राच्या योजनांनाही लावली. जुलै २०२३ मध्ये टेनेसीतल्या न्यायालयानं ८(अ) मधलं वंशावर आधारलेलं गृहीतक थांबवलं, आणि त्यानंतर अर्जदारांना आपल्यावर व्यक्तिशः काय अन्याय झाला ते लिहून द्यायला सांगितलं गेलं. आधी लोकसंख्येचा आकडा, मग पात्र धंद्यांचा, आणि आता एकेकट्याची कहाणी. पुराव्याचं ओझं पायरीपायरीनं खाली, त्या माणसाच्याच डोक्यावर आलंय.

प्रबंधात मी जे करू पाहतेय ते एवढंच: दारापर्यंत येऊन परत गेलेल्यांचा अंदाज छेदात कसा धरायचा. निविदेची कागदपत्रं घेऊन गेलेले पण निविदा न भरलेले, नोंदणी करून एकदाही भाग न घेतलेले, अशा खुणांवरून. उत्तर नेमकं येणार नाही, पण शून्यापेक्षा खरं असेल. तुमच्या घरात किंवा ओळखीत असा कपाटावर ठेवलेला फोल्डर असेल, तर कोणत्या अटीपाशी पाऊल थांबलं एवढं मला जरूर कळवा. नाव नको, अट सांगा.